अप्रकाशित

"पहिली दोन पानं फेकून द्या. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते."

ताईंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. मग उचलून पुन्हा वाचलं. वाक्य तेच होतं. दुसऱ्या हातातल्या सुरीवरचं मेण तोवर थिजून गेलं होतं.

"काय झालं हो ताई? वाईट बातमी आहे का?" मोटरवर कवळ्या घासून चकचकीत करणारे पॉलिशवाले शेजारून म्हणाले.

"बातमी कसली! एक माणूस सांगतोय, दोन पानं फेकून द्या."

"कसली पानं?"

"काही नाही. तुम्ही घासा."

ताई कवळ्या बनवत. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येत, त्यांवरून प्लास्टरचे साचे होत, साच्यांवर मेण चढे आणि त्या मेणात ताई एकेक दात बसवत. उभं आयुष्य त्यांनी अशा माणसांना हसतं केलं होतं, ज्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती. काम झालं की सगळं पितळी डब्यांत घट्ट आवळून गरम पाण्यात शिजायला ठेवायचं. "दात शिजतायत," असं तिथे सर्रास म्हणत. नवीन आलेला माणूस दचके, जुन्यांना त्यात काही वाटत नसे.

दात शिजत असताना हाताला काम नसे. त्या वेळात ताई फोनवर गोष्टी लिहीत. किती वर्षं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. एकदा लेकीने फोन चाळता चाळता त्या पाहिल्या आणि ती तिथेच खाली बसून वाचत राहिली.

"आई, हे कुणाला दाखवलंस का?"

"कुणाला दाखवू? तुझ्या बाबांना? ते लगेच इंडिकेटर कुठे दिला नाही ते सांगतील."

ताईंचे यजमान मोटार चालवायला शिकवत. गल्लीत, घरात, नात्यात सगळे त्यांना 'सर' म्हणत. शेजारच्या सीटखाली स्वतःचा वेगळा ब्रेक असलेल्या गाडीत त्यांचा जन्म गेला होता, आणि घरातही तो ब्रेक ते अधूनमधून दाबत.

"अगं, पण अशाने या गोष्टी फोनमध्येच म्हाताऱ्या होतील," लेक म्हणाली आणि तिने ताईंना एक संकेतस्थळ काढून दिलं. नाव होतं 'कच्ची पानं'. कुठे न छापलेली गोष्ट तिथे टाकायची, लोकांनी ती वाचून कुठे जमली, कुठे फसली ते सांगायचं, आणि आपणही दुसऱ्यांच्या गोष्टी वाचून तसंच सांगायचं. मग सुधारून झाली की मासिकाकडे पाठवायची. खरं नाव द्यायची सक्ती नव्हती. ताईंनी स्वतःचं नाव ठेवलं 'मेणबाई'.

पानं फेकून द्यायला सांगणाऱ्याचं नाव होतं 'कातर'.

त्या संध्याकाळी घरी ताईंनी भांडी जरा जास्तच आपटली. सरांनी विचारलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. आपली बायको गोष्टी लिहिते हे सरांना त्याच दिवशी कळलं, पण त्यांना पहिला राग आला तो कातरचा.

"कोण टिकोजीराव आहे हा? फेकून द्या म्हणे! खाटीक आहे का?"

"असेल कुणी निवृत्त मुख्याध्यापक. चष्मा नाकावर, लाल पेन हातात."

"मग तू तिकडे जाऊच नकोस."

ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडे गेल्या. कारण रागारागाने त्यांनी गोष्ट तिसऱ्या पानापासून वाचून पाहिली होती, आणि ती खरोखरच तिथे सुरू होत होती.

गोष्टीचं नाव होतं 'अबोला'. एका खोलीत, एका लांब टेबलावर शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन बायकांची गोष्ट. भांडण पंख्यावरून झालेलं. एकीला उकडायचं म्हणून ती पंखा लावी, आणि त्याच्या वाऱ्याने दुसरीचा मेण वितळवायचा दिवा विझे. एके दिवशी शब्दाला शब्द लागला आणि दोघींनी बोलणं टाकलं. आज बोलू, उद्या बोलू करता करता त्यावर वर्षांमागून वर्षं गेली. काम अडलं नाही. साचा हवा असला की एक तो न बघता पुढे सरकवी, दुसरी न बघता घेई. दिवा विझला की पंखा लावणारीच काडी ओढून तो पुन्हा लावून देई. तेवढं करायला बोलावं लागत नसे.

ही गोष्ट ताईंची स्वतःची होती. शेजारची ती खुर्ची आता रिकामी होती.

'कच्ची पानं'वर तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. एकजण कुठल्याही गोष्टीखाली "छान! लिहीत राहा!" एवढंच लिही, ताईंना वाटे, हा वाचतो तरी का? एकजण फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढे. त्याला सगळे 'वेलांटीवाले' म्हणत. एका नर्सबाईंनी लिहिलं, "आमच्या वॉर्डातही अशा दोघी आहेत, मी हे त्यांना वाचून दाखवू का?" ताईंना तो दिवस हवेत चालल्यासारखा गेला. आणि कातर. कातर ओळीओळीला टोचे.

"'डोळ्यांत अश्रू तरळले' हे वाक्य इतक्या गोष्टींत वाचलंय, की आता ते दिसलं की माझे डोळे कोरडे पडतात."

"या बाई भांडतात तेव्हा पुस्तकातल्यासारख्या का बोलतात? उकाड्यात भांडणारं माणूस असं वाक्य पुरं करतं का?"

"साचा सरकवण्याचं वर्णन उत्तम. त्याला हात लावू नका."

तो एक 'उत्तम' ताईंनी पॉलिशवाल्यांना दाखवला, सरांना दाखवला, लेकीला पाठवला. सर म्हणाले, "खाटकाला पाझर फुटला म्हणायचा." पण त्यानंतर रोज जेवताना तेच विचारू लागले, "काय म्हणतो आज तुझा खाटीक?"

एक गोष्ट ताईंच्या हळूहळू लक्षात आली. कातर पुरुष की बाई हे कधीच कळत नसे. आपल्या भाषेत हे लपवणं सोपं नाही. 'गेलो' की 'गेले', 'वाचतो' की 'वाचते', तोंड उघडलं की माणूस कळतं. पण कातरची वाक्यं अशी बेताने बांधलेली असत की तो 'लो' किंवा 'ले' यायची वेळच येऊ नये. "वाचलं. पटलं नाही." "काल जमलं नाही, आज वाचलं." ताईंनी मनातला मुख्याध्यापक तसाच ठेवला.

मग शेवटावरून जुंपली.

ताईंनी लिहिलेल्या शेवटात पंखा लावणारी बाई आपल्या निवृत्तीच्या दिवशी दारापर्यंत जाते, वळते, परत येते आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. "छान! लिहीत राहा!"वाल्याने प्रथमच तीन उद्गारचिन्हं दिली. कातरने लिहिलं, "शेवट खोटा आहे. खरं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला सांगत नाही आहात."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे लिहून टाकलं, "तुम्ही होतात का तिथे?"

उत्तर आलं, "तिथे कुणीच नव्हतं. म्हणून तर तुम्ही सांगायचं."

कितीतरी दिवस ताई तिकडे फिरकल्या नाहीत. दात शिजत, पॉलिशवाले घासत, आणि त्या फोन पालथा ठेवून पाण्याचे बुडबुडे बघत बसत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळत. मग एका दुपारी त्यांनी फोन उघडला आणि झालं होतं तसं लिहिलं. निरोपाचं बोलणं झालं. टाळ्या झाल्या. सगळे पांगले. ती बाई आपल्या टेबलाशी आली, पिशवी उचलली. माझा दिवा विझलेला होता, तो तिने काडी ओढून लावला. मग भिंतीपाशी जाऊन तिने पंखा बंद केला, आणि गेली.

एवढंच. लिहून झालं तेव्हा ताईंना जाणवलं की हे त्यांनी आजवर कुणालाही, अगदी सरांनाही सांगितलं नव्हतं.

कातरकडून बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी, ताई अंगावर एप्रन चढवत असताना, फोन वाजला.

"शेवटच्या ओळीपाशी थांबले. आता मासिकाकडे पाठवा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही."

ताई एप्रनचा बंद हातात धरून उभ्या राहिल्या. थांबले. इतके महिने एवढ्या कसोशीने सांभाळलेलं, आणि त्या एका 'ले'वर निसटलं. मनातला मुख्याध्यापक चष्म्यासकट विरघळून गेला.

त्यांनी लिहिलं, "तुम्ही बाई आहात होय!"

"घाईत सुटलं. कुणाला सांगू नका."

"सगळ्या जगाला दिसतं की इथलं!"

"मग राहू दे. त्या गोष्टीसाठी चालेल."

संपादकांचा फोन आला तेव्हा ताईंच्या दोन्ही हातांना मेण होतं. पॉलिशवाल्यांना खुणेने मोटर बंद करायला सांगून त्यांनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. गोष्ट घेतोय, असं संपादक म्हणाले. अंकात अगदी सुरुवातीला लावायचा विचार आहे. तो पंखा बंद करणं डोक्यातून जात नाही, असंही म्हणाले. ताई नुसतं "हो, हो" करत होत्या.

"आता एक नियमाची बाब," संपादक म्हणाले. "आम्ही फक्त अप्रकाशित साहित्य घेतो. कुठे छापलेलं नको, आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल असं टाकलेलंही नको. तेही आम्ही प्रकाशितच धरतो. शांतपणे आठवा. मी पुढच्या आठवड्यात फोन करतो, तेव्हा 'नाही' म्हणा, की कामाला लागू."

ताई "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर पॉलिशवाल्यांनी आख्ख्या खोलीला ओरडून सांगितलं. प्लास्टरवाली धावत आली आणि तिने पांढऱ्या हातांनी ताईंना मिठीच मारली. त्या गडबडीत 'बरं' कशाला म्हटलं, हे ताईंच्या मनात बोचत राहिलं.

सरांना तर दोन्ही पावलं कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी गिअर टाकायच्या आधी बायकोची बातमी दिली. बहिणीला आणि मेव्हण्यांना रविवारी जेवायला बोलावलं. आईला, म्हणजे ताईंच्या सासूबाईंना, तीनदा सांगितलं; तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अरे, कळलं मला. बहिरी नाहीये मी."

नियमाची बाब ताईंनी जेवताना काढली.

"त्यात काय एवढं?" लेक म्हणाली. "ते पान काढून टाक. एक बटण दाबायचंय."

"कोण बघायला येणारे?" सर म्हणाले. "संपादक स्वतःच सांगतायत ना, 'नाही' म्हणा म्हणून! माणूस हिरवा दिवा दाखवतोय आणि तू ब्रेकवर पाय ठेवून बसलीयस."

ताई पान काढायलाच बसल्या होत्या. लेकीने दाखवलेलं बटण त्यांनी दाबलं. पडद्यावर प्रश्न आला : हे पान आणि त्याखालच्या सगळ्या प्रतिक्रिया कायमच्या काढून टाकायच्या का?

सगळ्या प्रतिक्रिया. ताई खाली खाली सरकत गेल्या. वेलांटीवाल्यांनी दुरुस्त केलेला 'दीर्घ'. नर्सबाईंनी नंतर येऊन लिहिलं होतं, त्या दोघींना वाचून दाखवली, त्या बोलल्या नाहीत पण दोघींनीही शेवटपर्यंत ऐकली. कातरचं "फेकून द्या". कातरचं "उत्तम". स्वतःचं ते संतापलेलं "तुम्ही होतात का तिथे?" आणि सगळ्यात खाली, "थांबले."

हे इतके लोक इथे येऊन बसले होते. आपापलं काम टाकून एका अनोळखी बाईच्या दोन बायकांबद्दल भांडले होते. गोष्ट काही आपल्या एकटीच्या फोनमध्ये लिहून झाली नव्हती. ती या पानावर, या सगळ्यांच्या देखत झाली होती. आता हे नव्हतंच असं म्हणायचं?

ताईंनी 'रद्द करा' दाबलं.

संपादकांचा फोन पुढच्या आठवड्यात आला. ताईंनी मोटर बंद करायला सांगितली नाही. त्या बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"ती नेटवर आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून. लोकांनी वाचून सुधारायला सांगितली, मी सुधारली. सगळ्यांना दिसते."



"काढून टाकता येईल?"

"येईल. पण काढली तरी तिथे नव्हती असं मला म्हणता येणार नाही. तिथेच झाली ती. पहिल्या खेपेला जी लिहिली होती, ती तुम्ही घेतलीच नसती."

"मला वाईट वाटतंय," संपादक म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "एकाला सूट दिली तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू?"

"नका देऊ. तुमचं बरोबर आहे."

"दुसरी पाठवाल?"

"पाठवीन. ती दार लावून लिहीन."

संपादक हसले. ताईही हसल्या. फोन बंद झाल्यावर मात्र त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, आणि एप्रनने तोंड पुसून मग आत गेल्या. मेण तापलेलंच होतं. वरचे पुढचे दात लावायचे राहिले होते. त्यांनी ते एकेक करून लावले, आणि लावताना त्यांच्या मनात एकच येत राहिलं : अंकात सुरुवातीला लावणार होते. म्हणजे गोष्ट तशी होती. आपण तशी लिहिली. छापून न येण्याने त्यातलं काही कमी होत नव्हतं.

त्यांनी 'कच्ची पानं'वर झालं ते थोडक्यात टाकलं. पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी नियमांना शिव्या घातल्या, तिघांनी वेडेपणा केलात म्हणून सांगितलं. कातरचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं.

"पुढची गोष्ट फक्त सभासदांना दिसेल अशा खोलीत टाका. कुलूप असतं तिथे. एक किल्ली माझ्याकडे द्या. पहिली दोन पानं आधीच फेकून या."

सरांना सांगणं जास्त अवघड गेलं.

"अगं, मी सगळ्यांना सांगून बसलोय!"

"मग आता हेही सांगा."

"काय सांगू? बायकोने आपणहून नाही म्हटलं?"

"तसंच झालंय."

सर दोन दिवस घुम्यासारखे वागले. रविवारी बहीण आणि मेव्हणे आले. नणंदेच्या हातात भला मोठा फुलांचा गुच्छ होता. ती दारातूनच म्हणाली, "वहिनी, कुठाय तो अंक?"

कुणी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "अंकात येणार नाही ती. त्यांनी पसंत केली होती, अगदी पहिली लावणार होते. पण ही खोटं बोलायला तयार झाली नाही." आणि बोलता बोलता, स्वतःलाही नकळत, ते ताठ उभे राहिले. शिकवलेल्या माणसाने पहिल्या फटक्यात परीक्षा पास केली की ते असेच उभे राहत.

मग ताईंनी सगळं सांगितलं. नणंदेला अर्धं कळलं, अर्धं नाही.

"मेलं ते मासिक," ती म्हणाली. "पण गोष्ट आहे कशी? दादा, तू वाचलीस?"

मेव्हण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, लेकीने पाहिलं.

"नाही... म्हणजे, तिने कधी दिली नाही," सर म्हणाले.

"तुम्ही कधी मागितलीत?" ताई म्हणाल्या.

"आख्ख्या गावाला सांगत सुटलास आणि वाचली नाहीस?" नणंद म्हणाली. "वहिनी, तूच वाचून दाखव. आत्ता."

"आत्ता? जेवणं व्हायचीत."

"जेवण पळून जात नाही."

सरांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून उजेडात ठेवली आणि ताईंकडे बघून ती हातानेच जरा पुसली. ताई फोन घेऊन बसल्या. घसा खाकरला. त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्यांनी स्वतःही कधी मोठ्याने वाचली नव्हती.

"थांब गं," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठल्या.

"आई, काय हवंय? मी देते."

"तू बस."

त्या आतल्या खोलीत गेल्या. बाहेर सगळे थांबले. आतून पाण्याचा आवाज आला, मग डबी उघडल्याचा. सासूबाई घरात कधी दात लावत नसत. ते लग्नकार्याला, नाहीतर कुणा मोठ्या माणसाला भेटायला जायचं असलं तरच. त्या बाहेर आल्या तेव्हा केस चापून बसवलेले होते, गाल भरले होते आणि तोंड नीट मिटलेलं होतं. येऊन त्या अगदी पुढच्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले.

"हं," त्या म्हणाल्या. "वाच आता."